गावाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

हेलसिंकीत राहायला आलो तेव्हा समुद्रकाठच्या हानासारी वीजकेंद्राबाहेर दगडी कोळशाचा डोंगर उघड्यावर पडलेला असायचा. हिवाळ्यात त्यावर बर्फ साचायचा आणि कडेकडेनं काळं डोकवायचं. 1 एप्रिल 2023 ला ते केंद्र बंद झालं. त्याच महिन्यात फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ओल्किलुओतो-3 ही 1600 मेगावॉटची अणुभट्टी नियमित वीज देऊ लागली. हानासारीची जागा थेट तिनं घेतली असं नाही. ते केंद्र मुख्यतः शहरातली घरं गरम ठेवायचं, आणि त्या कामाला आता उष्मापंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर गरम करणारी विजेची यंत्रं, वाढत चाललेत. पण मागची वीज कोळशाची असेल तर उष्मापंपाचा उपयोग तो काय? म्हणून मी अणुविजेच्या बाजूचा आहे.

घरच्या मंडळींशी फोनवर हा विषय निघाला की गाडी जैतापूरवर, कोकणातल्या नियोजित अणुप्रकल्पावर, येते. एकाचं म्हणणं, हवामान बदलतंय, आता थांबायला वेळ नाही. दुसरा म्हणतो, फुकुशिमा विसरलात का? पहिल्याला मी इथलं उदाहरण देतो. ओल्किलुओतो-3 चं बांधकाम 2005 मध्ये सुरू झालं, 2009 ला वीज मिळणार होती, मिळाली 14 वर्षं उशिरा. जैतापूरला याच जातीच्या (तिला ईपीआर म्हणतात) सहा भट्ट्या ठरल्या आहेत. घाईचा उपाय म्हणून हा माल खपवू नये.

दुसऱ्याला उत्तर द्यायला मला जास्त वेळ लागतो, कारण त्याच्या भीतीमागे नुसता किरणोत्सर्ग नाही. जैतापूर प्रकल्पासाठी माडबन-मिठगवाण्याच्या जमिनी लोकांचा विरोध असताना घेतल्या गेल्या. साखरी नाट्याच्या मच्छीमारांना भट्टीतून समुद्रात येणाऱ्या गरम पाण्याची काळजी होती. एप्रिल 2011 मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, एक माणूस गेला.

ओल्किलुओतो ज्या एउरायोकी नगरपालिकेत येतं तिची वस्ती दहा हजारांच्या आत. फिनलंडच्या 1987 च्या अणुऊर्जा कायद्यानुसार स्थानिक पालिकेनं होकार दिला नाही तर सरकार पुढे जाऊच शकत नाही. वापरलेलं इंधन कायमचं पुरण्यासाठी तिथे सव्वाचारशे मीटर खोल खडकात ओंकालो नावाचं भुयारी साठवणघर खोदलंय, त्यालाही आधी याच पालिकेनं हो म्हटलं. मालमत्ता कराचा पैसा गावाला मिळतो, हेही त्या होकारामागे आहे. त्यात गैर काय? जोखीम ज्याच्या दारात, मोबदला त्यालाच मिळायला हवा.

भारताच्या 2025 च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांसाठी 20,000 कोटींची तरतूद झाली. अशा पाच स्वदेशी भट्ट्या 2033 पर्यंत चालू करायच्या आहेत आणि 2047 पर्यंत अणुविजेची एकूण क्षमता 100 गिगावॉटवर (1 गिगावॉट म्हणजे 1000 मेगावॉट) न्यायची आहे. आज आपण नऊच्या आसपास आहोत. उरलेलं सगळं 220 मेगावॉटच्या लहान भट्ट्यांनी भरायचं म्हटलं, तर त्या चारशेहून जास्त लागतील. भट्टी लहान केली की जागा वाढतात, म्हणजे गावंही वाढतात. घरच्या चर्चेत मात्र मला खासगी कंपन्या, तंत्रज्ञान, अपघात झाल्यास पुरवठादाराचं दायित्व एवढंच ऐकू येतं. गावाला कोणी विचारायचं, आणि गाव नाही म्हणालं तर काय, यावर कोणी बोलत नाही.

माझी मागणी साधी आहे. जमीन मोजायला माणूस पाठवण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि तो बंधनकारक माना. जैतापूरकरांनी पुन्हा नाही म्हटलं तर ती भट्टी तिथे होणार नाही. कोळसा तेवढी वर्षं जास्त जळेल, हे मला कळतं, आणि तरीही मी त्या ठरावाच्या बाजूनं उभा राहीन.