क्रिस्पीचा कुटाणा

कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलाचं मेनूकार्ड सगळ्यांनी पाहिलंच आहे. क्रिस्पी भेंडी, क्रिस्पी कॉर्न, क्रिस्पी डोसा इथवर कुणी हरकत घेतली नाही. ‘क्रिस्पी करंजी’ आणि ‘क्रिस्पी काकडी कोशिंबीर’ वाचून मात्र कट्टा पेटला. कार्डाचा मजकूर संद्याचा आहे, हे त्यानंच सांगून टाकलं. गप्प बसला असता तर कुणाला संशयही आला नसता. तो लिहितो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

“ब्रो, क्रिस्पी म्हणजे प्रीमियम फील,” संद्या म्हणाला. “कुरकुरीत लिहिलं की वीस रुपये, क्रिस्पी लिहिलं की दोनशे.”

“माझी करंजी क्रिस्पी झाली तर मी ती काउंटरवर ठेवत नाही,” फरसाणवाले तात्या म्हणाले. “करंजी खुसखुशीत लागते रे. कुर्र वाजली की मोहन कमी पडलं म्हणून समज.”

मग तात्या सुटले. वाटीभर मैदा किंवा रवा-मैदा, त्याला दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन. चांगलं चोळून मूठ वळायची. मुटका उभा राहिला आणि बोट लावताच मोडला की झालं. मोहन कमी पडलं तर करंजी कडक, वाजवीपेक्षा जास्त झालं तर तळणीत फुटते आणि सारण तेलात जळून पुढचा सगळा घाणा काळा पडतो. साटा, म्हणजे तूप आणि पिठाचा लेप, लावला तर पदर सुटतात, पण ती गोष्ट वेगळी.

“ती फ्लेकी,” सर म्हणाले. “आपली खारी तशी. आणि तुमच्या खुसखुशीतला इंग्रज शॉर्ट म्हणतो. शॉर्टब्रेड, शॉर्टक्रस्ट त्यातलेच. तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं, त्यामुळे ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी धरत नाही.”

“म्हणजे ‘शॉर्ट करंजी’ लिहू?” संद्यानं खरंच मोबाइलवर टिपून घेतलं.

“लिही. गिऱ्हाईक विचारेल, फुल प्लेट कितीला?” तात्या म्हणाले.

काकडीवर सर जास्त चिडले होते. ताजी काकडी, सफरचंद, लेट्यूसचं पान हे सगळं क्रिस्प. क्रिस्पी बहुतेक तळलेलं, भाजलेलं, वरून कवच धरलेलं. गाजर आणि शेंगदाणे क्रंची, कारण ते दाढेखाली जाड आवाज करतात. ब्रिटिश माणूस बटाट्याच्या वेफर्सना क्रिस्प्स म्हणतो आणि त्याचे चिप्स म्हणजे आपले फिंगर चिप्स. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कुरळा.

“मग सर कॉलेजात असताना क्रिस्पी होते!” बंड्या म्हणाला. सरांनी टकलावरून हात फिरवला आणि बंड्याच्या दहावीच्या इंग्रजीच्या मार्कांचा उल्लेख केला. तो इथे देत नाही.

“पण ऑनलाइन तर सगळे समानार्थी दिलेत,” संद्या हटेना. “क्रिस्पी, क्रंची, ब्रिटल. सेम टू सेम.”

“ब्रिटल म्हणजे ठिसूळ. ठिसूळ चकली विकून दाखव,” तात्या म्हणाले. “डब्यातून गिऱ्हाइकाच्या घरी भुगा जाईल.”

चकली कुरकुरीतच हवी, यावर तात्यांचं आणि सरांचं एकमत झालं, ही दुर्मीळ गोष्ट. मोठ्या आचेवर तळली की बाहेर रंग येतो, आत पाणी राहतं. तेच पाणी नंतर कवचात येतं आणि संध्याकाळपर्यंत चकली मऊ. म्हणून मध्यम आच, आणि तेलातले बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं. गरम असताना डब्याचं झाकण लावलं तर वाफेनं सादळते. भेंडीचंही तेच: मीठ आधी लावून ठेवलं की पाणी सुटतं, म्हणून बेसन, तांदळाची पिठी आणि मीठ तळायच्या अगदी आधी. कॉर्न उकडून फडक्यावर कोरडा केला नाही तर तेलात दाणा फुटून तोंडावर उडतो. हॉटेलातल्या पोऱ्याला हे परवा कळलं म्हणे.

सरांनी ऑक्सफर्डचा 2004 चा प्रयोगही सांगितला. हेडफोनमधून चावण्याचा आवाज वाढवला, विशेषतः वरच्या पट्टीतला, तर तेच बटाट्याचे वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत वाटले. 2008 साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

“बघा! म्हणजे सगळा फीलच!” संद्या उसळला.

“अरे, मग कार्ड कशाला छापलंस? टेबलावर स्पीकर ठेव,” तात्या म्हणाले.

संद्यानं शेवटचा डाव टाकला : मराठीत कुरकुरीतशिवाय आहे काय? यावर सगळे एकदम बोलू लागले. क्रिस्प शर्ट म्हणजे कडक इस्त्रीचा. क्रिस्प भाषण म्हणजे आटोपशीर (आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना हा शब्द माहीत नाही). कैरी करकरीत, नोटही कोरी करकरीत.

नोटेवर बंड्या थांबला. “संद्या, गेल्या गणपतीला वर्गणीचे पाचशे देणार होतास ना, करकरीत?”

“यूपीआय करतो ना, ब्रो.”

“कर. आत्ता.”

नेमकी त्याच क्षणी संद्याच्या मोबाइलची बॅटरी गेली. स्क्रीन काळी.

“याला इंग्रजीत डेड म्हणतात,” सर म्हणाले.

“आणि मराठीत?”

“संद्या,” तात्या म्हणाले.