वैमानिक डोळ्याच्या कोपऱ्यातून आकडे वाचत नाही

‘निष्णात वैमानिक समोर बघता बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळे डिस्प्ले वाचतो. चिन्हं मोठी हवीत आणि सराव हवा, बस. हेड-अप डिस्प्ले असेल तर प्रश्नच मिटला.’ असा मजकूर सध्या खूप फिरतोय. (हेड-अप डिस्प्ले म्हणजे वैमानिकाच्या समोरच्या काचेवरच आकडे आणि चिन्हं दाखवणारी यंत्रणा.) विमानाच्या कॉकपिटबद्दलचा असा गैरसमज निरुपद्रवी नसतो, म्हणून एकेक दावा तपासू.

‘कोपऱ्यातून वाचता येतं.’ नाही येत. बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे फोव्हिया, जेमतेम दोनेक अंशांचं क्षेत्र पाहतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. तिथून १० अंश बाजूला सरकलं की नजरेची तीक्ष्णता साधारण पाचव्या हिश्शावर येते. डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवरच्या पॅनेलवर हे १० अंश म्हणजे फक्त १२ सेंटिमीटर.

‘मग चिन्हं मोठी करा.’ सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे. एकटं अक्षर मोठं केलं तर ते कडेलाही ओळखू येतं, हे खरं. पण डिस्प्लेवर चिन्ह एकटं नसतंच. शेजारी दुसरी चिन्हं आली की कडेच्या नजरेत सगळ्यांची सरमिसळ होते. काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. डच शास्त्रज्ञ हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये याचं ढोबळ माप मांडलं: चिन्ह नजरेच्या केंद्रापासून जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं काही नको. म्हणजे १२ सेंटिमीटरवरच्या चिन्हाभोवती सहा सेंटिमीटर जागा मोकळी. कुठल्या कॉकपिटमध्ये एवढी जागा मिळणार? शिवाय हे अंतर चिन्हाच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं. उलट चिन्हं मोठी केली की मधली मोकळी जागाच कमी होते.

‘सरावाने जमतं.’ सरावाने जमतं ते नजर फिरवणं: कृत्रिम क्षितिज (विमान कसं कललंय ते दाखवणारं उपकरण), वेग, पुन्हा क्षितिज, उंची, पुन्हा क्षितिज. डोकं स्थिर असतं, डोळे सतत फिरत असतात.

हेड-अप डिस्प्लेबद्दल: नासाच्या १९८० मधल्या सिम्युलेटर प्रयोगात तो वापरणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं विमान दिसलंच नाही. चिन्हं आणि धावपट्टी एकाच दिशेला होती, लक्ष मात्र चिन्हांवर होतं.

कडेची नजर हालचाल आणि लुकलुक मात्र छान टिपते. तरीही मास्टर वॉर्निंगचा, म्हणजे धोक्याच्या मुख्य इशाऱ्याचा, लाल दिवा वैमानिकाच्या अगदी समोरच्या भागात असतो. गोल डायलमधला काटा कुठे झुकलाय तेही बाजूने जाणवतं. नेमका आकडा वाचायला तिकडेच बघावं लागतं.

आणि जे लुकलुकत नाही ते सुटतं. ऑटोपायलटचा मोड, म्हणजे तो विमान चालवायची पद्धत, बदलला की त्याच्या नावाभोवती काही सेकंद एक चौकट उमटते. बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांच्या नजरेचा माग काढणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी वैमानिकांचंही अशा बदलांकडे अनेकदा लक्ष गेलं नव्हतं. म्हणूनच अनेक विमान कंपन्यांत मोड बदलला की त्याचं नाव वाचून मोठ्याने उच्चारायची पद्धत आहे.