अंगठा सुजला की बांगड्यालाच का धरता?

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या आणि डब्यातला सुका बांगडा बाहेर निघाला, की आमच्या तळकोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'युरिक ॲसिड हा मासे खाणाऱ्यांचा रोग. आनुवंशिक वगैरे सगळ्या थापा. मासे, कुळीथ, आंबट बंद करा, महिन्यात बरे व्हाल. गोळी घेतलीत तर किडनी गेली.' यंदा तो वाचून माझ्या काकांनी युरिक ॲसिड कमी करणारी गोळी सोडली, म्हणून हे लिहायला बसलो.

'मासे खाणाऱ्यांचा रोग.' मालवणच्या जेटीवरची मांजरं बघा. जन्मभर मासळीवरच जगतात, पण गाऊटने, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून येणाऱ्या सुजेने, लंगडणारं मांजर कोणी पाहिलंय? मांजराच्या यकृतात युरिकेज नावाचं विकर असतं, ते युरिक ॲसिड फोडून टाकतं. माणसात ते बनवणारं जनुक आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. चिंपांझी-गोरिलांचीही तीच गत. म्हणजे पहिली अडचण ताटात नाही, आपल्या जातकुळीत आहे. शिवाय शरीरातल्या युरिक ॲसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, जेवणातून उरलेला.

तरीही मासळीला मी निर्दोष सोडत नाही. तारली, बांगडा, सुका जवळा यांत प्यूरिन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनतं तो घटक, भरपूर असतं. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून २००४ साली निघालेला निष्कर्ष असा, की सर्वाधिक मासळी खाणाऱ्यांत गाऊटचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या दीडपट होता. पण पथ्य कितीही कडक पाळलं, तरी रक्तातली पातळी सहसा डेसिलिटरमागे साधारण १ मिलिग्रॅमनेच उतरते. ९ वर असलेल्याला ६ च्या खाली यायचं असतं.

'आनुवंशिक वगैरे थापा.' इथे मात्र थांबायला हवं. मूत्रपिंडं गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी सुमारे ९० टक्के पुन्हा रक्तात ओढून घेतात. किती ओढायचं नि किती सोडायचं, हे ठरवणाऱ्या प्रथिनांचे आराखडे आईबापांकडून येतात. एसएलसी२ए९ हे जनुक परत ओढणाऱ्या वाटेचं. डाल्मेशियन कुत्र्यांत हेच बिघडलेलं असतं आणि त्यांना युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, मूतखडे होतात, ते काही बांगडे खाऊन नव्हे! एबीसीजी२ हा बाहेर फेकणारा पंप, मूत्रपिंडात आणि आतड्यातही. त्याच्या एका सर्रास आढळणाऱ्या रूपात पंपाची ताकद जवळपास निम्मी होते. २०१८ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकनांची माहिती तपासली. माणसामाणसांतल्या पातळीच्या फरकाचा कुठल्याही एका खाद्यपदार्थाने १ टक्काही उलगडा होईना, सर्वसामान्य जनुकीय फरकांनी मात्र सुमारे २४ टक्के झाला.

आमच्या घरातलं सांगतो. आजोबांनी चाळिशीत माळ घातली, मासळी सुटली. अंगठा सुजला तो पन्नाशीनंतर. मग काका. आत्याला साठीनंतर, कारण पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन बायकांचं युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. एका घराच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, मान्य. पण 'बांगडे खाल्लंस मा, भोग आता' हे माळकऱ्याला कसं ऐकवणार?

'कुळीथ नि डाळी बंद.' वर सांगितलेल्या २००४ च्या अभ्यासात प्यूरिन असलेल्या भाज्या-डाळींनी धोका वाढलेला दिसला नाही. पिठी-भात खुशाल खा.

'आंबट बंद.' नावात ॲसिड आहे म्हणून आमसुलावर राग! चिंच-कोकमाच्या आंबटपणातून युरिक ॲसिड तयार होत नाही. सोलकढी प्या. जपायचं ते गोड अमृत कोकमाला, कारण साखरेतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. आणि बिअरला. मेसेजमध्ये बिअरचं नावही नाही, हे गमतीचं.

'गोळीने किडनी जाते.' ती गोळी म्हणजे ॲलोप्युरिनॉल, १९६६ पासून वापरात आहे. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, त्यालाच लोक 'गोळी बाधली' म्हणतात. खरा धोका वेगळाच: क्वचित एखाद्याला अंगावर गंभीर पुरळ उठतं. त्याचाही संबंध एका जनुकाच्या रूपाशी आहे. पुरळ दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. बाकी, मेसेज वाचून ती सोडायची नाही.

काकांनी गोळी सोडल्यावर तीन आठवड्यांत झटका आला. त्याच दिवशी रक्त तपासलं, रिपोर्ट ६.२. 'मासे सोडल्याचा गुण!' म्हणून ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. ऐन झटक्यात रक्तातली पातळी तात्पुरती उतरू शकते, हे कोणी सांगितलं नाही. सूज ओसरल्यावर, पंधरा दिवसांनी, पुन्हा तपासलं तेव्हा ८.९ होतं. तो रिपोर्ट अजून कोणी ग्रुपवर टाकलेला नाही.