रॉकेल नको, चिमटा घ्या : गोचिडीच्या तापाच्या मेसेजला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : "गोचिडीचा ताप जंगलात जाणाऱ्यांनाच होतो. गोचीड चिकटली तर रॉकेल टाका किंवा अगरबत्तीचा चटका द्या. ताप आला आणि तपासणी निगेटिव्ह आली, की काळजी मिटली. मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नका, दात पिवळे पडतात." चारही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातली तिसरी जिवावर बेतू शकते.

'जंगलात जाणाऱ्यांनाच.' येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या डोंगरावर गोचीड चिकटू शकते, हे खरं. पण इंडियन टिक टायफसचा, म्हणजेच या गोचिडीच्या तापाचा, जिवाणू वाहून नेणारी तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यावर जगते, म्हणजे सोसायटीच्या आवारातही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. पार्किंगमधल्या भेगाही बुजवाव्या लागतात. (स्क्रब टायफस हा वेगळा आजार. तो गोचिडीमुळे नाही, तर गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. औषध मात्र तेच, डॉक्सिसायक्लिन.)

'रॉकेल, चटका.' याने गोचीड बिथरते आणि लाळ, पोटातला ऐवज जखमेत सोडू शकते. टोकदार चिमट्याने तिला कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ धरा. पोट दाबू नका, पिळू नका, सरळ वर एकाच संथ जोराने ओढा. जखम आणि हात साबणाने धुवा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका.

'तपासणी निगेटिव्ह.' इथेच घात होतो. तापात प्लेटलेट उतरतात, डेंग्यूचा संशय येतो, डेंग्यू निगेटिव्ह येतो आणि 'व्हायरल' म्हणून सोडून दिलं जातं. गोचिडीच्या तापासाठीची वाइल-फेलिक्स ही रक्ततपासणी अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून जाणकार डॉक्टर निकालासाठी न थांबता लक्षणांवरून औषध सुरू करतात. पुरळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मनगट-घोट्यांवर दिसतं, कधी तळहात-तळपायांवरही येतं. सावळ्या कातडीवर ते ट्यूबलाइटखाली निसटतं, दिवसाच्या उजेडात पाहा. काख, जांघ, कंबरपट्ट्याची जागा, कानामागे सिगरेटचा चटका बसल्यासारखी न दुखणारी काळी खपली आहे का, तेही पाहा. ती नसली तरी आजार असू शकतो.

हे जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींमध्ये राहतात, त्यामुळे ॲमॉक्सिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी ते मरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदूवर परिणाम होतो.

'दात पिवळे.' ती भीती टेट्रासायक्लिन या त्याच गटातल्या जुन्या औषधाची. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला कमी चिकटतं आणि ८ वर्षांखालच्या मुलांनाही या आजारात थोड्या दिवसांसाठी देतात. मात्रा वजनावर ठरते : ४५ किलोखाली दर किलोला २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मोठ्यांना १०० मिलिग्रॅम, दोनदा. गर्भवतींनी डॉक्टरांना आधी तसं सांगावं. स्वतःच्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांना चावल्याची तारीख, घरातल्या किंवा आवारातल्या कुत्र्याचा संबंध सांगा, खपलीचा फोटो दाखवा. गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, अर्धा तास आडवं होऊ नका, आणि लोहाची किंवा ॲसिडिटीची गोळी दोन तास लांब ठेवा.