‘चार बाय चारच्या फुटिंगवर तीन मजले’: खुलासा

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: कॉलमखाली 4 बाय 4 फुटांची फुटिंग (कॉलमचा भार जमिनीवर पसरवणारा पाया) घ्या, तीन मजले बिनधास्त चढवा. हे सरसकट खरं नाही. हिशोबच करून बघू.

कॉलम 4 बाय 4 मीटरवर असतील, तर मधल्या कॉलमच्या वाट्याला 16 चौरस मीटर स्लॅब येतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण 310 किलो, फरशी नि मसाला 100, आणि माणसं-सामान यांसाठी भारतीय मानकाप्रमाणे घरात 200. म्हणजे एका मजल्याचे जवळपास 10 टन झाले. शिवाय भिंती! नऊ इंची, 3 मीटर उंच विटांची भिंत धावत्या मीटरला सुमारे 1300 किलो भरते. कॉलमला जोडलेल्या चारही बीमवर ती असेल तर प्रत्येकीचा अर्धा भाग, म्हणजे एकूण 8 मीटर भिंत त्याच्या वाट्याला येते: आणखी 10 टन. मेसेजवाल्याने भिंती मोजल्याच नाहीत, असं दिसतंय.

तीन मजल्यांचे 60 टन धरले, तर दीड चौरस मीटरच्या त्या फुटिंगखाली चौरस मीटरला 40 टन दाब येतो. काळ्या मातीला तो झेपणारा नाही. कठीण खडक लागला तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गोंधळ: फुटिंगची लांबी-रुंदी प्रत्यक्ष भारावर ठरते, सुरक्षेसाठी 1.5 ने गुणलेला भार तिची जाडी आणि सळई काढताना वापरतात. आणि हो, गच्चीवरची 2000 लिटरची टाकी भरली की 2 टन असते.