डब्यावर लिहिलं होतं, म्हणून जबाबदारी संपली?

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो: "डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. शेतकरी वाचत नाही, मास्क बांधत नाही आणि विषबाधा झाली की सरकारच्या नावानं ओरडतो." २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. गेलेल्या माणसांवर असा ठपका ठेवलेला मला सहन होत नाही.

"डब्यावर लिहिलेलं असतं." असतं, पण वाचणार कोण? फवारणी बहुतेक वेळा रोजानं लावलेला मजूर करतो. मालक विहिरीजवळच्या ड्रमात दोन-तीन औषधं कालवतो आणि मजुराच्या पाठीवर भरलेला पंप चढतो. डबा त्याच्या नजरेसही पडत नाही. ज्याच्या हाती पडतो त्याला घड्या घातलेली पत्रिका मिळते, मुंगीएवढ्या अक्षरांची. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे ती स्थानिक भाषेतही लागते. मात्र तिच्यात त्या एकाच औषधाची माहिती असते. ड्रमात जे मिश्रण तयार झालं, त्याचा इशारा कोणत्याच डब्यावर नसतो.

"मास्क, हातमोजे घातले नाहीत, दोष त्याचाच." सप्टेंबरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, छातीच्या वर गेलेली असते. नळी उंच धरावी लागते, फवारा तोंडावर येतो. पंप गळका असला की पाठीवरचा सदरा भिजतो आणि दिवसभर तसाच अंगाला चिकटून राहतो. विष कातडीतून शिरतं, तोंडाला बांधलेला रुमाल तिथं काय करणार? आणि त्याच १९७१ च्या नियमांत सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यायची, प्रथमोपचाराचं साहित्य आणि विषावरचा उतारा जवळ ठेवायची जबाबदारी उत्पादक-वितरकांवरही टाकली आहे. फवारणाऱ्यांची वैद्यकीय तपासणीही सांगितली आहे. आपल्या गावात ती कधी झाली, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावं.

"हिरव्या त्रिकोणाचं औषध निर्धोक." हे सर्वांत घातक. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा ही विषारीपणाची उतरती क्रमवारी आहे. हिरवा म्हणजे चारांत सौम्य, बिनविषारी नव्हे. शिवाय हा रंग तात्काळ जीव घेणाऱ्या मात्रेवरून ठरतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होतं, ते त्यावरून कळत नाही.

"सरकारनं परवानगी दिली, म्हणजे तपासलेलंच." मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक बघा. श्रीलंकेनं ते १९९५ मध्ये बंद केलं. आपल्याकडे २००५ मध्ये भाजीपाल्यावर वापरायला मनाई झाली, पण कपाशीसाठी विक्री सुरूच राहिली. २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनात तेच विष मिसळलं जाऊन २३ मुलं दगावली. त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदीचा केंद्राचा आदेश आला तो २०२३ मध्ये. २०१७ साली यवतमाळच्या कृषी केंद्रांत ते परवान्यानिशीच विकलं जात होतं.