‘एका रात्रीत दोन लाखांची लूट’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

मंडईच्या (दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेच्या) रात्री झालेल्या आमच्या नाटक कंपनीच्या प्रयोगाला तुम्ही एक तारा दिलात. दीडशे रुपये तिकीट आणि दीड हजार पब्लिक म्हणजे एका रात्रीत दोन लाखांच्या वर लूट, तिकिटावर जीएसटीचा पत्ता नाही म्हणजे करचोरी, साडेनऊचं नाटक साडेअकराला सुरू, प्रॉम्प्टरचा आवाज कलावंताच्या आधी ऐकू येतो, तिसऱ्या अंकात माइक बंद, पोस्टरवरचा खलनायक आलाच नाही, सबब पैसे परत करा, असं तुम्ही लिहिलंत. पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी, लाखांदूर या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, इथली नाटकं पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हेच प्रश्न असतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. तिकिटातला एक रुपयाही कंपनीच्या पेटीत येत नाही. गेट, म्हणजे तिकिटांची वसुली, प्रयोग ठेवणाऱ्या गावच्या मंडळाची असते, आम्हाला ठरलेला ठेका मिळतो. तुमच्या गावच्या प्रयोगासारख्या प्रयोगाचा आमचा ठेका ९०,००० रुपये. गेटचं गणितही दीड हजार गुणिले दीडशे असं होत नाही. दीडशेचं तिकीट खुर्चीचं, आणि मंडपात खुर्च्या साधारण २०० बसतात. बाकी पब्लिक जमिनीवर अंथरलेल्या तणशीवर (धानाच्या पेंढ्यावर), तिथलं तिकीट ८० रुपये. देणगीदारांना पास असतात, लेकरांना कोणी अडवत नाही, आणि दुसरा अंक संपला की गेट सैल होतं. समजा २०० खुर्च्या आणि ७०० जमिनीची तिकिटं खपली, तर ३०,००० आणि ५६,००० मिळून ८६,००० होतात. यातून मंडळाला ठेका द्यायचा, बांधी (धानाचं शेत) खणून बैठकीला उतार करायचा, परवाने काढायचे, साठेक माणसांचं जेवण करायचं. मंडळच खड्ड्यात जातं, आणि तो खड्डा वर्गणीतून आणि देणग्यांतून भरतात. करचोरीचं म्हणाल तर नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटी माफ आहे, म्हणून तिकिटावर तो दिसत नाही.

आता त्या ९०,००० चं काय होतं ते बघा. नायक-नायिकेची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रत्येकी ४,५००. खलनायक आणि विनोदी नट प्रत्येकी ३,५००. बाकी सहा कलावंत १,८०० प्रमाणे. तीन नर्तिका २,५०० प्रमाणे. ऑर्गनवाल्याला २,५००, आणि तबला-ढोलक, ऑक्टोपॅड व गायक या तिघांना १,८०० प्रमाणे. प्रॉम्प्टर १,२००, मेकअपमन १,५००. इथपर्यंत ४४,९०० झाले. स्टेज बांधणारे आठ जण ७०० प्रमाणे. स्टेज, पडदे आणि मंडपाच्या ट्रकला ७,०००, कलावंतांच्या दोन गाड्यांना ७,०००. साउंड-लाइट ९,०००. जनरेटरचं डिझेल ३,३००. तारीख जुळवणाऱ्या मध्यस्थाला २,००० आणि लेखकाला १,०००. बेरीज ७९,८००. उरले १०,२००.

हंगाम दिवाळीनंतरच्या मंडयांपासून होळीपर्यंत. त्यात ४५ तारखा लागल्या तर ४,५९,००० हाती येतात. पण कलावंत बांधून ठेवायचा तर पोळ्याच्या आधी उचल द्यावी लागते. धानाची रोवणी आटोपलेली असते, घरात दाणा नसतो, आणि उचल दिली नाही तर तो कलावंत दुसऱ्या कंपनीच्या पोस्टरवर दिसतो. आठेक लाखांची उचल आम्ही महिना ३ टक्क्याने पैसे आणून वाटतो, कारण नाटक कंपनीला बँक तारण मागते आणि आमच्याकडे तारण ठेवायला पडदे असतात. उचल नाईटमधून हळूहळू वळती होते, तरी होळीपर्यंत व्याजच सव्वा लाखावर जातं. वडशातलं ऑफिस आणि सामानाची खोली, वर्षाचं भाडं ६०,०००. पोस्टर-हँडबिलं ४०,०००. मंडपाचं कापड, कनाती, रंगवलेले पडदे यांची दुरुस्ती ८०,०००. राहिले १,५४,०००.

आणि मग अवकाळी पाऊस येतो. दुपारी सामान उतरलं, सायंकाळी आभाळ फुटलं, तर ट्रक आणि गाड्यांचं भाडं द्यावंच लागतं, मजुरांची हजेरी द्यावीच लागते, कलावंताला अर्धी नाईट देतो. एका बुडालेल्या रात्रीचे ४२,००० जातात. मंडळाचा बयाणा पुढच्या तारखेला वळता होतो, त्यामुळे त्यातूनही भरपाई नाही. अशा चार रात्री आल्या की वर्ष तोट्यात. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं, तेच. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच होत्या. पटाच्या निमित्ताने लागणाऱ्या तारखा त्या वर्षांत गेल्या, त्यात कोरोना आला. आज वडशात बोर्ड दिसणाऱ्या कित्येक कंपन्या अजून त्या वेळचं कर्ज फेडताहेत.

आता उशिराचं. वर देणग्यांचा उल्लेख केला, उशिराची मूळ गोष्ट तीच. ज्यांनी पाच-दहा हजार दिले त्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ, दोन शब्द, हे सगळं आमच्या नांदीच्या आधी आमच्याच स्टेजवर होतं. त्यात निवडणुकीचं वर्ष असलं तर विचारायलाच नको. आम्ही कलावंत साडेनऊला रंगवून तयार ठेवतो. दुसरं कारण हप्त्याचं. ठेक्यातले २०,००० बुकिंगला, ४०,००० नांदीच्या आधी आणि उरलेले ३०,००० दुसऱ्या अंकानंतर गेटच्या पैशातून, असा करार असतो. विकलेल्या धानाचे पैसे (चुकारे) बँकेत आले नसतील तर गाव आधी खिसा धरून बसतं, गेटवर गर्दी उशिरा होते, मंडळ नांदीचा हप्ता जुळवत राहतं आणि पडदा खाली राहतो. तिसरं कारण परवान्याचं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आमच्याकडे असतं, पण पोलीस ठाण्याची परवानगी गावच्या मंडळाने काढायची असते. ती शेवटच्या दिवसावर गेली की रात्री धावपळ होते. प्रयोग पहाटेपर्यंत ताणता कशाला, असंही लोक विचारतात. आजूबाजूच्या दहा गावांतून आलेल्या माणसांना रात्री दोन वाजता जंगलातल्या रस्त्याने, तेही वाघाच्या मुलखात, परत पाठवायचं का? उजाडेपर्यंत मंडपात बसणंच बरं.

प्रॉम्प्टरविषयी मला मनापासून सांगायचं आहे. दहा कलावंत आणि वादक तालमीला वडशाला जमवायचे तर प्रवास, जेवण, हजेरी धरून एका दिवसाचे १५,००० च्या वर जातात. म्हणून नव्या नाटकाला तीन-चार दिवसांची तालीम मिळते, बाकी नाटक प्रॉम्प्टर पेलतो. तो विंगेत छोट्या दिव्याखाली संहिता धरून बसतो आणि कलावंताचं वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्याचे पहिले तीन-चार शब्द देतो. कोणाला पूर्ण ओळ लागते, कोणाला नुसता इशारा पुरतो, हे त्याला ठाऊक असतं. तुम्हाला तो ऐकू आला, कारण आमचे माइक स्टेजवर वरून टांगलेले असतात. कडेच्या माइकखाली उभा कलावंत दोन पावलं मागे सरकला की माइक त्याच्याऐवजी विंगेतला आवाज उचलतो. त्या रात्री खलनायकाची भूमिका करणारे कलावंत तापाने पडले. बदली कलावंताला संहिता दुपारी तीनला मिळाली, म्हणून तिसऱ्या अंकात प्रॉम्प्टरला पूर्ण ओळी द्याव्या लागल्या. बदलाचं मंडळाला चार वाजता कळवलं होतं आणि नांदीआधी स्टेजवरून जाहीरही केलं होतं. एका दुपारच्या तयारीवर त्या माणसाने चार अंक उभे केले, त्याला टाळ्या मिळाल्या याचा आम्हाला अभिमान आहे.

माइक बंद पडला त्याचं कारण दव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दोननंतर बांधीत इतकं दव पडतं की वायरींचे जोड ओले होतात, आधी खरखर येते आणि मग आवाज जातो. गावच्या लाइनवर दाब कमी असला तर ॲम्प्लिफायर गुणगुणतो, म्हणून मध्येच जनरेटरवर जावं लागतं आणि त्यातही मिनिट-दोन मिनिटं जातात. यंदापासून साउंडवाल्याशी करारच तसा केला आहे: प्रत्येक जोडाला प्लॅस्टिक गुंडाळून टेप, वायर जमिनीवर न टाकता बल्ल्यांवरून न्यायची, आणि ॲम्प्लिफायरची लाइन हॅलोजनपासून वेगळी ठेवायची. त्याचे रात्रीला ८०० रुपये जास्त लागतात. ते आम्ही देतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण तिचा संबंध आहे. पेनड्राइव्हवर गाणी लावून चार नर्तिकांचा नुसता डान्सचा कार्यक्रम करा, अर्ध्या खर्चात होईल, अशी मागणी दर हंगामात येते. आम्ही ती घेत नाही. ऑर्गन, तबला, गायक आणि चार अंकांचं नाटक हे सोडलं तर या पट्ट्यात आमचं काय उरलं? याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती नाटकाला मिळाली.

परताव्याचं सांगतो. तिकिटाचे पैसे मंडळाकडे असल्याने ते परत करणं आमच्या हातात नाही. मंडळासोबतचा करार आणि त्या रात्रीच्या खर्चाचा कागद मंडळाच्या संमतीने दाखवायला आम्ही तयार आहोत, वडशाच्या ऑफिसात या. पुढच्या मंडईला तुमच्या गावाने आम्हाला तारीख दिली, तर करारात तीन ओळी जास्त टाकू: सत्कार नऊच्या आत किंवा पहिल्या अंकानंतर, नांदीचा हप्ता सायंकाळी सातपर्यंत, पोलीस परवानगीची प्रत दोन दिवस आधी. मंडळाने एवढं पाळलं तर तिसरी घंटा साडेनऊला देण्याची जबाबदारी कंपनीची, आणि दहाच्या पुढे उशीर आमच्यामुळे झाला तर दर अर्ध्या तासाला ठेक्यातून २,००० कापून घ्यावेत.